हा आवाज कोणाचा?

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीला लागून कर्णबधिर मुलांची एक जुनी शाळा होती. शेजारी लोखंडी सळया बनवणारी रोलिंग मिल. मिलमधलं लालभडक लोखंड रुळांवरून धावू लागलं की शाळेची फरशी थरथरायची. शाळेतल्या मुलांनी आजवर ही मिल पायांनी ओळखली होती. ही मिल कानांनी ऐकणारी पहिली मुलं तृप्ती खांडेभराडच्या वर्गात आली, आणि त्याच वर्षी तृप्तीला वर्गाबाहेर बसावं लागलं.

तृप्तीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती याच शाळेत शिकली, बीएस्सी झाली, विशेष शिक्षणाची पदविका घेतली आणि गणिताची शिक्षिका म्हणून याच शाळेत परत आली. लग्न तिने केलं नव्हतं. पिठाची गिरणी चालवणारी आई, छायाबाई, आणि ती अशा दोघीच घरात होत्या. तृप्तीच्या हातांत गणिताची भाषा इतकी स्वच्छ होती की अपूर्णांकांना भिणारी मुलं तिच्यासमोर पुढे सरकून बसत.

मग ते इंजेक्शन आलं.

आपल्या कानात खोलवर गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते. तिच्यातल्या पेशींना केसांसारखे बारीक तुरे असतात. आवाजाने तुरे हलतात आणि पेशी तो निरोप शेजारच्या मज्जातंतूच्या हाती देते. काही मुलांच्या कानात सगळं जागच्या जागी असतं, तुरेही हलतात, पण निरोप पुढे देणारं प्रथिन तयार होत नाही. ते बनवायची कृती ज्या जनुकात लिहिलेली असते, त्यातच जन्मतः चूक असते. निरुपद्रवी करून घेतलेल्या विषाणूबरोबर त्या जनुकाची बिनचूक प्रत कानात सोडायची, असा हा उपचार. आधी तो मोजक्या मुलांवर झाला. मग इतर जनुकदोषांसाठीही तशीच औषधं निघाली आणि बघता बघता ती सरकारी रुग्णालयांत मिळू लागली. आईबाप मुलांना घेऊन रांगा लावू लागले. तालुक्यातालुक्यांतल्या कर्णबधिर शाळांचे पट उतरले.

कान दुरुस्त झाले. मेंदूचं काय, हा प्रश्न नंतर आला.

मेंदू जागा रिकामी ठेवत नाही. आवाजासाठी राखलेल्या भागाला जन्मापासून काम मिळालं नाही, तर तो भाग डोळ्यांच्या मदतीला जातो. दहा वर्षांच्या मुलीला एका सकाळी ऐकू येऊ लागलं म्हणजे तिला बोलणं कळू लागलं असं नव्हे. तिला गलबला ऐकू येतो. आपण खोलीत बसलेले असताना पंखा, रस्त्यावरची रिक्षा, शेजारणीचं बोलणं हे सगळं वेगवेगळं ऐकतो, कारण कुठला आवाज कोणाचा हे आपल्याला रांगत्या वयातच कळलेलं असतं. या मुलांच्या लेखी आवाजांना मालकच नव्हते.

त्याच सुमारास राज्य अध्यापक परवाना मंडळाने नियम बदलले. कोणता शिक्षक काय शिकवू शकतो, याची पात्रता-नोंद त्याच्या परवान्यावर असे. मंडळाने ‘कर्णबधिर शिक्षण’ ही जुनी नोंद रद्द केली आणि तिच्या जागी ‘नवश्रवण शिक्षण’ ही नवी नोंद आणली. तिला दोन अटी होत्या. वर्गात खुणांची भाषा वापरायची नाही, कारण हात मोकळे असले तर मुलं कान वापरणार नाहीत. आणि शिक्षकाने स्वतः श्रवणचाचणी उत्तीर्ण झालेलं असलं पाहिजे.

मुख्याध्यापिका वंदना लाखे यांनी तृप्तीला आपल्या खोलीत बोलावलं. त्या स्वतः ऐकणाऱ्या, पण उभी हयात या शाळेत गेलेली. तृप्तीला लहानपणी त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी दार लावून घेतलं आणि हातांनीच सगळं सांगितलं.

“म्हणजे मी उद्यापासून शिक्षक नाही?” तृप्तीने विचारलं.

“शिक्षक आहेस. वर्ग नाही. जुनी नोंद आहे त्यांना नवी मिळवायला वर्षभराची मुदत आहे. तोवर तुला ग्रंथालय द्यावं लागेल.”

“आणि वर्षाने मला ऐकू येईल अशी त्यांची कल्पना आहे?”

“डॉक्टर म्हणतात, येऊ शकतं.”

ते खरं होतं. जिल्हा रुग्णालयातल्या डॉ. मृणाल देऊळगावकर यांनी शाळेतल्या सगळ्यांच्याच जनुकांची तपासणी केली होती. तृप्तीचा दोष शाळेतल्या बऱ्याच मुलांसारखाच निघाला होता. तृप्ती त्यांना भेटायला गेली तेव्हा सोबत छायाबाई होत्या. डॉक्टरांनी लपवाछपवी केली नाही. त्या सावकाश बोलल्या, म्हणजे तृप्तीला ओठ वाचता येतील, आणि राहिलेलं त्यांनी कागदावर लिहून दाखवलं.

“आवाज येईल याची मला बऱ्यापैकी खात्री आहे. या वयात त्याचा अर्थ किती लागेल ते सांगता येत नाही. काही वर्षं लागतील. कदाचित चाचणीपुरते शब्द ओळखता येतील, कदाचित नाही.”

छायाबाईंनी अर्थाबद्दलचं काही ऐकलंच नाही. ‘आवाज येईल’ एवढ्यावर त्या थांबल्या होत्या. घरी परतताना रिक्षात त्या तृप्तीचा हात धरून बसल्या.

ग्रंथालयात तृप्तीचे पहिले काही दिवस पुस्तकं पुसण्यात गेले. मग सबा आली.

सबा शेख, वय दहा. वडील मिलच्या सळयांचा ट्रक चालवायचे. उपचाराआधी ती शाळेतली सगळ्यात वाचाळ मुलगी होती. तिचे हात जेवतानाही थांबत नसत. आता तिला ऐकू येत होतं आणि ती गप्प झाली होती. वर्गात खुणा बंद. नव्या बाई ओठ दिसू नयेत म्हणून तोंडासमोर कागद धरून “ऐकू आलं?” विचारत, आणि सबा मान हलवी. मान हलवली की बाई पुढे जातात, एवढं तिला कळलं होतं. मिलचा भोंगा झाला की ती कान दाबून बाकाखाली शिरे. त्या दिवशी तशीच पळत ती ग्रंथालयात शिरली आणि कपाटामागे बसली.

तृप्ती तिच्यासमोर फरशीवर बसली. “काय झालं?”

सबाने बऱ्याच दिवसांनी हात उचलले. “आवाज.”

“कसला?”

“तुम्हाला नाही आला?”

“नाही. मला येत नाही. तू सांग.”

सबा कपाटामागून थोडी पुढे सरकली. इतक्या दिवसांत हे असं पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं. बाकी सगळ्यांना तो आवाज माहीत होता, त्यामुळे तिच्याकडून कुणाला काही जाणून घ्यायचंच नव्हतं.

“मोठा,” सबा म्हणाली.

“केवढा? माझ्याएवढा, की खोलीएवढा?”

“खोलीपेक्षा मोठा. आधी बारीक, मग जाड. सगळीकडून येतो.”

“सगळीकडून कसा येईल? चल, कुठून येतो ते मला दाखव.”

लाखे मॅडमची परवानगी घेऊन दोघी मिलच्या फाटकापर्यंत गेल्या. पाळी बदलायची वेळ झाली आणि पुन्हा भोंगा झाला तेव्हा सबाने तृप्तीचा दंड घट्ट धरला. पण या वेळी तिने डोळे मिटले नाहीत. मान वळवत वळवत तिने छपरावरचा पत्र्याचा कर्णा शोधून काढला आणि त्याच्याकडे बोट दाखवलं. आवाजाला मालक सापडला होता.

दुसऱ्या दिवशी भोंग्याला ती बाकाखाली गेली नाही. शेजारच्या मुलाला कोपराने ढोसून तिने वर बोट केलं.

हळूहळू मधल्या सुट्टीत ग्रंथालयात पाच-सहा मुलं जमू लागली. खेळ एकच होता: हा आवाज कोणाचा? मुलांनी आवाज ऐकायचा, त्याचा मालक शोधायचा आणि तृप्तीबाईंना पटवायचं. बाई सहजासहजी मानत नसत. नळाचं पाणी आणि पावसाचं पाणी यांच्या आवाजात फरक काय, असं त्या विचारत. फरक सांगता सांगता मुलांना तो आणखी नीट ऐकू येई. मग लाखे मॅडम येऊन त्या गोष्टीचं नाव तोंडाने म्हणत, मुलं त्यांच्यामागे म्हणत. हातात आधीच असलेल्या शब्दाला आता आवाजही मिळत होता.

“मॅडम, हे नियमाविरुद्ध आहे,” तृप्ती एकदा म्हणाली.

“नियम वर्गाबद्दल आहे,” लाखे मॅडमनी उत्तर दिलं. “ग्रंथालय हा वर्ग नव्हे.”

मुदत मात्र सरत होती. छायाबाईंनी घरात विषय काढणं सोडलं नव्हतं. लिहायला-वाचायला त्यांना जेमतेम यायचं. लेकीशी त्या मोठ्याने, तोंड स्पष्ट उघडून बोलत आणि सोबत दोघींनी मिळून बनवलेल्या घरगुती खुणा करत.

“काहून नाही म्हणून राहिली तू?” एका संध्याकाळी त्या म्हणाल्या. “नोकरी राहील, वर्ग मिळेल. सुईच तर टोचायची.”

“आई, सुईला मी भीत नाही.”

“मग?”

तृप्तीने ताट बाजूला सारलं. “मला ऐकू आलं, तर सबाला मला काही सांगावंच लागणार नाही. ती पुन्हा नुसती मान हलवेल. आणि दुसरं असं, की माझ्यात काही कमी आहे असं मला वाटत नाही. मंडळाला वाटतं.”

छायाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “मला बी नाही वाटत. पण मी मरून जाईन आणि माझी हाक कशी होती ते तुला ठाऊकच नसणार. एकदा तरी ऐकावीस, एवढंच.”

तृप्तीने ताट उचलून मोरीत नेऊन ठेवलं. आईच्या या मागणीपेक्षा मंडळाच्या नियमाशी भांडणं सोपं होतं.

पुढच्या शनिवारी ग्रंथालयातली मुलं छायाबाईंच्या गिरणीत आली. गिरणी म्हणजे आवाजांचं भांडार. मोटरीचा पट्टा, दगड, चाळणी, तराजूत पडणारी मापं. मुलं एकेक मालक शोधत फिरत होती. तृप्ती ओट्याशी, आईकडे पाठ करून उभी होती. छायाबाईंना डबा हवा होता. समोर मुलं होती, गडबड होती, आणि जन्मभराच्या सवयीने त्यांच्या तोंडून हाक गेली, “तृप्ती, ए तृप्ती.”

सबाने झटकन मान वळवली. मग तिने तृप्तीची ओढणी ओढली.

“तुमची आई बोलली. तुमच्याकडे बघून.”

“काय बोलली?”

“शब्द नाही कळला. आवाज सांगू?”

तृप्ती तिच्यासमोर वाकली. “सांग.”

सबाने आधी विचार केला. “जाड आहे. खरखरीत, भरड पिठासारखा. पण टोचत नाही. आधी खाली असतो आणि शेवटी वर जातो.”

“वर जातो म्हणजे कसा?”

“कुणाला तरी उचलून घेतात ना,” सबाने दोन्ही हात खालून वर नेत दाखवलं, “तसा.”

तृप्तीने आईकडे पाहिलं. छायाबाईंना त्या हातांतलं फारसं कळलं नव्हतं, पण आपल्याबद्दल काही चाललंय हे कळलं होतं. तृप्तीने पुढे होऊन ते सगळं त्यांना त्यांच्या घरगुती खुणांत सांगितलं. भरड पीठ. टोचत नाही. उचलून घेतल्यासारखा. छायाबाईंनी मोटर बंद केली. पदराने तोंड पुसलं. मग सबाला जवळ ओढून तिच्या डोक्यावर पिठाचा हात फिरवला आणि तृप्तीला म्हणाल्या, “बरोबर सांगितलं पोरीने. तुला लहानपणी पाळण्यातून उचलताना असंच म्हणायचे मी.”

त्यानंतर त्यांनी इंजेक्शनचा विषय काढला नाही.

इकडे डॉ. देऊळगावकर यांच्या लक्षात काही वेगळंच येत होतं. त्या दर महिन्याला मुलांच्या डोक्याला पट्टा बांधून, आवाज ऐकताना मेंदूचा कुठला भाग कामाला लागतो ते पाहत. जालन्याच्या शाळेतल्या काही मुलांच्या मेंदूत आवाजाचा भाग इतरांपेक्षा लवकर जागा होत होता. ही कोणती मुलं, म्हणून त्या चौकशी करत शाळेत आल्या आणि ग्रंथालयाच्या दारात उभ्या राहून त्यांनी सगळा खेळ पाहिला. निघताना त्या तृप्तीला म्हणाल्या, “मी तुम्हाला ऐकू यावं म्हणून प्रयत्न करत होते. आता वाटतं, तुम्ही मंडळाला अर्ज करावा. माझा अहवाल सोबत जोडते.”

अर्जात तृप्तीने सवलत मागितली नाही. अट चुकीची आहे, ती बदलावी, असं तिने लिहिलं. मंडळाने दोन महिने काहीच कळवलं नाही. मग एका सकाळी सहसचिव पांडव पाठनिरीक्षणाला आले. कडक इस्त्रीचा शर्ट, मितभाषी माणूस. डॉक्टरही आल्या होत्या. तृप्तीला त्या दिवसापुरता वर्ग मिळाला.

पाठ बरा चालला होता, पण मुलं बुजली होती. सबा खाली मान घालून बसली होती. पांडवांनी घड्याळ पाहिलं. तृप्तीने मुलांना विचारलं, “आता या खोलीत कुठला आवाज आहे?”

पंखा, कुणीतरी दाखवलं. खडू, दुसरा म्हणाला. सबाने डोकं वर केलं. ती भुवया आकसून कान देत होती. मग तिने हळूच हात उचलला.

“एक नवीन आवाज आहे. लहान. ओल्या वाळूतून गाडी जाते तसा. थांबतो, परत येतो.”

“कोणाचा?”

सबाने पांडवांकडे बोट केलं.

बाकीची मुलं वळली. एकाने मान्य केलं, एकाने नाही म्हटलं. तो आवाज खुर्चीचा आहे, असं त्याचं म्हणणं. सबा उठली, खुर्चीजवळ जाऊन उभी राहिली आणि परत आली. “खुर्ची नाही. ते हलले नाहीत तरी येतो.” मुलांचे हात भराभर चालू लागले. वादाच्या भरात काहींच्या तोंडूनही आवाज निघू लागले. पाहुणे बसलेत हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

तृप्ती पांडवांकडे वळली. तिने केलेल्या खुणा लाखे मॅडमनी बोलून दाखवल्या. “साहेब, माफ करा. मला ऐकू येत नाही, त्यामुळे मला खरं-खोटं ठरवता येत नाही. मुलं म्हणतात तुमच्याकडून एक आवाज येतोय. खरं आहे का?”

पांडव आधी गोंधळले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. त्यांनी पोटावर हात ठेवला. “खरं आहे. आज चतुर्थी आहे. सकाळपासून नुसता चहा झालाय.”

सबाने त्यांचा हात पाहिला. तिने एक क्षण ओठ जुळवले, आणि तोंडाने, जड पण स्पष्ट म्हणाली, “पोट.”

डॉक्टरांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. लाखे मॅडम हातांनी ते तृप्तीला सांगायला गेल्या, पण गरज नव्हती. सबाच्या ओठांवर तिने तो शब्द वाचला होता.

पाठ संपल्यावर पांडवांनी एकच प्रश्न विचारला. तो रास्त होता. “बाई, मुलांचे उच्चार चुकले तर तुम्हाला कळणार कसे?”

“कळणार नाहीत,” तृप्ती म्हणाली. “ते लाखे मॅडम सुधारतील. त्यासाठी ऐकणारा शिक्षक हवाच. पण मुलाकडे सांगण्यासारखं काही नसेल, तर उच्चार सुधारणार कशाचे? सांगण्यासारखं काही आणण्याचं काम मी करते.”

पांडवांनी ते शब्द लाखे मॅडमकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतले.

सुधारित नियम पावसाळ्यानंतर आले. श्रवणचाचणीची अट गेली. खुणांवरची बंदी गेली. नवश्रवण वर्गाला दोन शिक्षक, त्यांत शक्यतो एक न ऐकणारा, असं ठरलं. आणि एक नवी अट आली: ज्यांना ‘नवश्रवण शिक्षण’ ही नोंद हवी, त्या राज्यातल्या प्रत्येक शिक्षकाने खुणांच्या भाषेची परीक्षा दिलीच पाहिजे. तृप्तीचा परवाना नव्या नोंदीसह आला तेव्हा मुलांनी तो हातोहात फिरवून त्यावर बोटांचे ठसे उमटवले. सोबत मंडळाचं पत्र होतं. पहिल्या परीक्षेचं केंद्र जालन्याची शाळा, मुख्य परीक्षक तृप्ती खांडेभराड.

परीक्षेच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात नांदेडपासून नाशिकपर्यंतचे शिक्षक बसले होते. पदव्यांनी लदलेली, अनुभवी माणसं, आणि सगळ्यांचे हात अस्वस्थ. कुणी बोटं मोडत होतं, कुणी पुटपुटत खुणा घोकत होतं. शेजारी मिल धडधडत होती. आत तृप्ती टेबलामागे ताठ बसून एकेकाला बोलावत होती.

व्हरांड्याच्या टोकाला, पाण्याच्या माठाशेजारी छायाबाई बसल्या होत्या. गिरणी त्यांनी त्या दिवशी बंद ठेवली होती. कुणी पाणी प्यायला आलं की त्या पेला भरून देत. एक तरुण शिक्षिका आली. तिने पेला रिकामा करून पुन्हा पुढे केला.

“बाई फार कडक आहेत का हो?” तिने विचारलं.

“आहे ना. कडक असायलाच पाहिजे,” छायाबाई म्हणाल्या. “घाबरू नको. आत गेली की हात छातीसमोर धर, तिला दिसले पाहिजेत. आणि तिच्याकडे बघून बोल, इकडेतिकडे नको बघू.”

“तुम्ही ओळखता त्यांना?”

छायाबाईंनी पदर नीट केला आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, “माझी लेक आहे ती.”